उलट्या-जुलाब सुरू झाले की आधी वही काढा

रात्री साडेअकराला माझा ७ वर्षांचा मुलगा अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "आई, कसंतरीच होतंय." मी दिवा लावेपर्यंत चादरीवर उलटी झालेली. बाराच्या सुमाराला मलाही ढवळून आलं. साडेबाराला बाबांच्या खोलीतला दिवा लागला आणि बाथरूमचं दार आतून बंद झालं. आम्ही तिघं साडेआठला एकच जेवण जेवलो होतो: दुपारी एकला शिजवलेला भात. तो मी ओट्यावर तसाच झाकून ठेवला होता आणि रात्री अंडी घालून परतला होता. नवरा बाहेर जेवून आला होता, त्याला काही झालं नाही.

मुलगा दुसऱ्या संध्याकाळी खेळायला लागला. मीही दीड दिवसात सावरले. ७२ वर्षांचे बाबा मात्र सकाळी अकरा वाजता बाथरूमच्या उंबऱ्यात कोसळले आणि पुढच्या तीन रात्री दवाखान्यात होते. भात तिघांनी सारखाच खाल्ला होता. मुलावर माझं लक्ष होतं, बाबांवर कोणाचंच नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण त्या तीन रात्री मी डॉक्टरांना आणि नर्सना विचारून विचारून जे समजून घेतलं, आणि पुढे घरात दोनदा पुन्हा अशी वेळ आली तेव्हा जे वापरलं, ते इथे सांगते आहे.

घरी थांबायचं की निघायचं

हे सगळ्यात आधी ठरवायचं, कारण बाकी सगळा मजकूर फक्त घरी थांबण्यासारख्या आजारासाठी आहे. अन्नातून झालेली बहुतेक विषबाधा एक ते तीन दिवसांत आपोआप उतरते. पण पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका.

शौचातून रक्त पडणं किंवा शौच डांबरासारखं काळं होणं. ताप १०२ फॅरनहाइटच्या वर जाणं. घोट घोट दिलेलं पाणीसुद्धा पोटात न टिकणं. मोठ्या माणसाला आठ तासांत लघवीच न होणं. उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त येणं. पोटातली कळ येऊन-जाऊन न राहता एका जागी धरून बसणं, विशेषतः उजव्या बाजूला खाली, कारण ते अपेंडिक्सही असू शकतं. माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागणं, किंवा हाक मारली तरी पटकन जागं न होणं. तीन दिवस उलटून गेले तरी जुलाब न थांबणं.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण त्या सहज निसटतात. एक म्हणजे दोन-दोन दिसणं, पापण्या जड होऊन खाली येणं, गिळताना किंवा बोलताना जीभ अडखळणं. हे बोट्युलिझम, म्हणजे अन्नातल्या जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, असू शकतं. त्यात जुलाब नसतीलही, पण पुढे श्वास घेणारे स्नायूच थकतात, म्हणून तडक मोठ्या दवाखान्यात जायचं. दुसरी गोष्ट रानातून वेचलेल्या अळंब्यांची. विषारी अळंबीने लागलेल्या उलट्या एखाद्या दिवसात थांबतात, माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. त्यामुळे रानातली अळंबी खाल्ली असेल आणि उलट्या झाल्या असतील, तर बरं वाटत असलं तरी निघायचंच.

वर्षाच्या आतलं बाळ, ६५च्या पुढचं माणूस, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा: यांच्यासाठी डॉक्टरांना फोन पहिल्याच दिवशी करायचा. गरोदरपणात लिस्टेरिया नावाचा जंतू आईला नुसता तापासारखा भासतो, पण बाळापर्यंत पोचू शकतो. आमच्या घरात या यादीतलं माणूस होतं आणि मी फोन केला नाही. ताप नाही, रक्त नाही, मग कशाला एवढ्या रात्री, असं मला वाटलं.

पहिला तास

उलटी झाली की लगेच पाणी प्यायला लावण्याची घाई नको. मी त्या रात्री मुलाला भांडंभर पाणी दिलं, त्याने तहानेने घटाघटा प्यायलं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. सुजलेल्या पोटाला ताण पडला की ते उलटं फेकतं. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं काहीच देऊ नका. चूळ भरायला लावा, तोंड पुसा, कुशीवर निजवा. पाठीवर निजवू नका, कारण झोपेत उलटी आली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. उशाशी तसराळं किंवा छोटी बादली ठेवा, म्हणजे दर वेळी बाथरूमपर्यंत धावायला लागत नाही. अशक्त माणूस पडतो तो बहुतेक याच धावपळीत.

मग चमचा. साधा चहाचा चमचा ५ मिलीचा असतो. दर दोन मिनिटांनी एक चमचा. हे फार थोडं वाटतं, पण हिशोब करून बघा: तासाला १५० मिली होतात. टिकायला लागलं की मिनिटाला एक, म्हणजे तासाला ३००. दीड तास मी मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचा गजर लावून बसले होते. मुलगा अर्धवट झोपेत तोंड उघडत होता. तिसऱ्या तासाला तो स्वतःहून "अजून दे" म्हणाला, तेव्हा कळलं की पोट स्थिरावतंय. मध्येच पुन्हा उलटी झाली तर चमचा थांबवायचा, दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि पुन्हा सुरू करायचं. उलटी झाली म्हणजे दिलेलं सगळं वाया गेलं असं होत नाही, बरंचसं आतड्यात पुढे सरकलेलं असतं.

मोठ्या माणसालाही हेच. फक्त मोठं माणूस "मी घेतो माझं माझं" म्हणतं आणि मग घेत नाही.

ओआरएस, आणि ते नीट कसं करायचं

चमच्यातून काय द्यायचं, तर ओआरएस. नुसतं पाणी पुरत नाही, कारण जुलाबातून पाण्याबरोबर मीठ आणि पोटॅशियमही जातं. आणि इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचे सगळे नियम आपसूक लक्षात राहतात. आतड्याच्या आतल्या पेशींना एक दार असतं, त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब कितीही जोरात असले तरी हे दार बहुधा चालूच राहतं. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही हवं, आणि ठरलेल्या मापात हवं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून उलट शरीरातलं पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. शीतपेयं, डब्यातले फळांचे रस जुलाबात देऊ नयेत ते याच कारणाने.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले, कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं मोजलेलं मिश्रण पिंपात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८मध्ये या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. मला हे वाचून फार धीर आला, कारण त्या छावणीत चमचा धरणारे हातसुद्धा माझ्यासारखेच कुणा आईचे, मुलीचे असणार.

आता पाकिटाबद्दल. पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. काही पाकिटं एका लिटरची असतात, काही २०० मिलीची. मी एका लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. मुलाने एक घोट घेऊन थुंकलं आणि त्यामुळे वाचला, कारण एवढं खारट पाणी लहान मुलाला खरोखर घातक ठरू शकतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही करू नका. भुकटी आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण माप पाणी. पाणी आधी उकळून गार केलेलं, पूड नंतर घालायची, आणि मिसळल्यावर पुन्हा उकळायचं नाही. झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चवीसाठी वरून साखर घालायची नाही. गार करून दिलं तर चव कमी जाणवते, मुलं घेतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. दुकानातून घेताना पाकिटामागचे आकडे याच्याशी ताडून बघा. 'एनर्जी' किंवा 'इलेक्ट्रोलाइट' नावाने विकली जाणारी बरीच गोड पेयं या मापाच्या जवळपासही नसतात.

पाकीट नसेल आणि रात्र असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमचा भरून वरून सुरीच्या पाठीने सरळ केलेला. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि परत करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पाकीट आणायचंच.

किती द्यायचं? दर जुलाबामागे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्याहून मोठ्याला घेईल तितकं. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका, उलट जास्त वेळा पाजा आणि मधून ओआरएस द्या. सहा महिन्यांपुढच्या मुलाला जुलाबात रोज २० मिलीग्रॅम झिंक १० ते १४ दिवस द्यायची शिफारस आहे. ते डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि जुलाब थांबले तरी पुरं करा.

वही

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. दवाखान्यात बाबांना स्ट्रेचरवरून उतरवल्यावर डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "शेवटची लघवी कधी झाली?" मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मुलाच्या उलट्या, चमचे, लघवी सगळं माझ्या मोबाईलमध्ये वेळेसकट होतं. बाबांचं आमच्यापैकी कोणालाच सांगता आलं नाही.

नंतर जुळवून बघितलं तेव्हा असं निघालं. बाबा रात्रभरात सात-आठ वेळा उठले होते. आम्हाला त्रास नको म्हणून दार हळू लावत होते. मी दोनदा दाराबाहेरून विचारलं, तर म्हणाले, "मी ठीक आहे, तू पोराकडे बघ." पाणी फारसं प्यायले नाहीत, कारण प्यायलं की पुन्हा जावं लागेल. सकाळी उठून नेहमीप्रमाणे रक्तदाबाची गोळी घेतली. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं. म्हणजे अंगातलं पाणी आधीच गेलेलं आणि वर ते बाहेर काढणारी गोळी. अकराला खुर्चीतून उठले आणि उंबऱ्यात पडले. दवाखान्यात रक्तदाब ८०/५० भरला. जीभ इतकी कोरडी की टाळूला चिकटत होती. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचे आकडे चढलेले होते. सलाइन लागली, तिसऱ्या दिवशी आकडे खाली आले. मूत्रपिंडं वाचली, हे आमचं नशीब.

तेव्हापासून एक वही फडताळात ठेवलेली आहे. प्रत्येक आजारी माणसाला वेगळं पान, आणि पानावर चार रकाने: वेळ, आत काय गेलं, बाहेर काय गेलं, लघवी. गेल्या वेळी नवऱ्याला त्रास झाला तेव्हाचं पान असं आहे:

२.१० – उलटी, पिवळं पाणी
२.२५ ते ३.३० – ओआरएस, चमच्याने, १८० मिली
३.४० – पातळ शौच, बरंच
४.०० – ओआरएस अर्धा पेला
५.१५ – लघवी, थोडी, गडद पिवळी
७.३० – ओआरएस एक पेला, दोन घास भात
९.०० – लघवी, भरपूर, फिकट

पाच-सवापाचची ओळ बघून मी त्याला झोपू दिलं नाही, अजून प्यायला लावलं. नऊच्या ओळीनंतर मी स्वतः झोपले. उलट्या-जुलाब किती झाले यापेक्षा लघवी कधी झाली आणि कसल्या रंगाची झाली, हे जास्त खरं सांगतं. फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी होत असेल तर जुलाब चालू असले तरी माणूस सांभाळला जातोय. काळ्या चहासारखी किंवा होतच नसेल, तर जुलाब थांबले असले तरी माणूस संकटात आहे. जुलाब थांबतात कधीकधी आत काही उरलं नाही म्हणूनसुद्धा.

बाळाच्या बाबतीत लंगोट मोजायचे. नेहमीपेक्षा स्पष्ट कमी ओले होत असतील, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, टाळू खोल गेली असेल, डोळे आत ओढल्यासारखे दिसत असतील, तर घरी थांबू नका. लहान मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी, घडी हळूहळू मोडत असेल तर पाणी फार कमी झालंय. म्हाताऱ्या माणसाच्या कातडीवरून मात्र काही कळत नाही, ती एरवीही सैल असते. त्यांची जीभ बघा, आणि उठून उभं राहताना गरगरतं का ते विचारा. वय झालं की तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून "तहान लागली तर सांगा" असं म्हणून चालत नाही. पेला हातात द्यायचा आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं.

औषधांच्या डब्याला हात लावण्याआधी

जुलाब थांबवणारी गोळी, म्हणजे लोपेरामाइड, मोठ्या धडधाकट माणसाला प्रवासापुरती चालू शकते. पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात नाही: आतडं जे बाहेर टाकू बघतंय ते आतच अडकतं. मुलांना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नका.

मागच्या आजारातून उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका. विषाणूवर तिचा उपयोग नाही. भातात जंतूंनी आधीच तयार करून ठेवलेल्या विषावरही नाही. आणि रक्ताचे जुलाब करणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या एका प्रकारात अँटिबायोटिकने मूत्रपिंडं बिघडण्याचा धोका वाढू शकतो, हे ऐकून मी घरातली उरलेली पाकिटं फेकून दिली.

अंगदुखी किंवा तापासाठी पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत, अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही. उलटी थांबवणारं औषध डॉक्टर देतील तर घ्यावं, त्याने ओआरएस टिकायला मदत होते.

आणि रोजच्या गोळ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि लघवीतून साखर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या, या उलट्या-जुलाबात काही दिवस थांबवायला लागू शकतात. पण आपल्या मनाने थांबवू नका, इन्सुलिन तर मुळीच नाही. गोळ्यांची नावं हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. हा फोन मी त्या सकाळी आठ वाजता केला असता तर अकराचं पडणं टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला ते माहीत आहे. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईने हेही लक्षात ठेवावं की गोळीनंतर तीन तासांत उलटी झाली तर ती लागू पडेलच असं नाही.

खायचं काय

पोटाला दिवसभर विश्रांती म्हणून उपाशी ठेवायची जुनी समजूत आता धरत नाहीत. उलट्या थांबल्या आणि भूक वाटली की थोडं थोडं द्यायचं. मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं, टोस्ट, पातळ सूप. दूध काहींना चार-पाच दिवस पचत नाही, कारण आतड्याचा वरचा थर खरवडला गेलेला असतो. दही बहुधा चालतं. तेलकट, तिखट, कॉफी आणि दारू नको. भूक नसेल तर आग्रह करू नका, पिणं चालू असलं म्हणजे एक-दोन दिवस निभतं.

घरातल्या बाकीच्यांना वाचवताना

आपल्याला वाटतं अन्नातून झालंय, म्हणजे दुसऱ्याला लागणार नाही. पण नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणूसुद्धा अन्नातून येतो आणि मग घरभर पसरतो, आणि घरी बसून दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून लागण होणारच असं धरून वागायचं.

उलटी पुसताना हातमोजे घाला. आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा कागदी टॉवेलने हळूच टिपून घ्या, झाडू किंवा ब्रश मारला की बारीक थेंब उडतात. कागद पिशवीत घालून पिशवीला गाठ मारा. मग साबणाच्या पाण्याने पुसा आणि शेवटी ब्लीचच्या पाण्याने. साधारण ५ टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचे २० मिली एका लिटर पाण्यात, जागेवर दहा मिनिटं राहू द्या. खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू निघतो. नळाची चावी, फ्लशचं बटण, दाराची कडी आणि मोबाईल या चार गोष्टी लोक विसरतात. मोबाईलवर ब्लीच नको, तो साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने पुसा. कपडे झटकू नका, गुंडाळून थेट गरम पाण्यात, जमलं तर ६० अंशांवर. फ्लश करताना झाकण लावा.

हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने २० सेकंद. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. शेवटचा जुलाब किंवा उलटी होऊन ४८ तास होईपर्यंत त्या माणसाने दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही आणि मुलाला शाळेत पाठवायचं नाही. स्वयंपाक करणारी मीच आजारी होते, तेव्हा दोन दिवस नवऱ्याने केला. जमला तसा.

काय बाधलं ते शोधताना

शेवटी जे खाल्लं त्यावर आळ घ्यायची आपली सवय असते, पण वेळ बघा. तासा-दोन तासांपासून सहा तासांत उलट्यांनी सुरुवात झाली तर अन्नात आधीच तयार झालेलं विष असण्याची शक्यता: भातातला बॅसिलस सेरियस, किंवा हाताळलेल्या पदार्थातला स्टॅफिलोकॉकस. मोठ्या भांड्यात करून कोमट राहिलेल्या मांसातला क्लॉस्ट्रिडियम सहा ते चोवीस तासांत कळा आणि जुलाब करतो, उलट्या फारशा नसतात. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही, कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवस. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मागच्या तीन दिवसांत काय खाल्लं, कुठे खाल्लं आणि बरोबर कोण होतं ते लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा खरंच उपयोग होतो. संशयित पदार्थ उरला असेल तर पिशवीत बांधून, वर 'खाऊ नये' लिहून फ्रिजमध्ये एका कोपऱ्यात ठेवा. बऱ्याच जणांना एकदम झालं असेल तर आरोग्य खात्याला कळवा, तपासायला तो पदार्थ लागतो.

जुलाब गेल्यावरही पोट दोन-तीन आठवडे नाजूक राहू शकतं. काहींना त्यानंतर महिनोन्‌महिने पोट फुगणं, घाईने संडास लागणं असा त्रास राहतो. वजन उतरत असेल किंवा सांधे सुजले, पायांत मुंग्या येऊन बळ कमी झालं, तर तो आजार संपलाय असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. विशेषतः कॅम्पिलोबॅक्टरनंतर मज्जातंतूंचा त्रास क्वचित होतो.

त्या भाताचं

मला वाटायचं, रात्री कढईत इतका चरचरून परतला, मग जंतू कुठले राहणार? डॉक्टरांनी समजावलं की बॅसिलसचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची झोपलेली रूपं, शिजवण्यातूनही जिवंत राहतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करणारं विष उकळण्यानेही जात नाही. वास बदलत नाही, चव बदलत नाही. आमच्या भाताला काहीच वास नव्हता.

आता उरलेला भात मी पसरट ताटात पातळ थर करून गार करते आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये टाकते. पातेल्यात ढीग ठेवला तर मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. फ्रिज ५ अंशांच्या खाली. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवते, वाफा येईपर्यंत एकदाच गरम करते, उरलं तर टाकते. बाकी शिजवलेलं अन्नही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवत नाही. फडताळात वहीशेजारी ओआरएसची सहा पाकिटं, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, हातमोजे आणि एक लिटरची खूण केलेली बाटली आहे. वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या गोळ्यांची नावं त्यांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिली आहेत, आणि खाली डॉक्टरांचा रात्रीचा नंबर.